चुलीचं सत्तांतर

इतिहास लिहिणारी माणसं जेवत नसावीत, असा मला फार दिवसांपासून संशय आहे. किल्ला कुणी बांधला, वेढा किती दिवस चालला, तहात कोणते परगणे गेले आणि कोणते आले, हे सगळं ते तिथीवार सांगतात. पण वेढा घालून बसलेल्या हजारो माणसांच्या भाकरी कोण भाजत होतं, जळण कुठून येत होतं आणि भाजणाऱ्याच्या डोळ्यांत धूर किती जात होता, इथे बखरकार मुका होतो. त्याला तरी बोल लावून काय उपयोग? बखरी पुरुषांनी लिहिल्या, आणि स्वयंपाकघराचा इतिहास पुरुषांना 'पानं वाढलीत' या हाकेपासून पुढचाच ठाऊक असतो.

आमच्या हिंगोलीचंच घ्या. निजामाच्या राज्यातलं हे लष्करी ठाणं. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. तोफा गेल्या, घोडे गेले, पेन्शन खाणारे गेले, पत्ते राहिले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो आणि १ मे १९९९ ला परभणीतून वेगळे निघून स्वतःच जिल्हा झालो. यांतली पहिली तीन सत्तांतरं माझ्या आजीनं चुलीपुढच्या पाटावरून न उठता पाहिली. निजाम गेला त्या दिवशी काय झालं, असं तिला विचारलं की ती म्हणायची, "काय व्हायचंय बाप्पा? पाऊस लागला होता. जळण सगळं भिजलं होतं."

मराठवाडा मुक्तिसंग्रामावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्या दिवशीच्या ओल्या जळणाची नोंद मात्र आजीशिवाय कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

खरं तर मराठी माणसाचं सगळं संसारशास्त्र चुलीवर उभं आहे. भाऊ-भाऊ वेगळे झाले की शेताचे बांध पडायच्या आधी 'चूल वेगळी' होते. कार्याला सगळं घर बोलवायचं असेल तर चूलबंद आवतण. एखाद्याचा सल्ला नको असेल तर तो चुलीत घालायचा. आणि सगळीकडे सारखंच दुःख आहे हे सांगायला 'घरोघरी मातीच्या चुली'. अशी ही पुरातन चूल एका माणसाच्या डोळ्यांदेखत पदच्युत होते, तिच्या गादीवर रॉकेलचा स्टो येतो, त्याला ढकलून विजेची शेगडी येते आणि तिलाही खाली उतरवून गॅस बसतो. एवढी उलथापालथ दिल्लीच्या तख्तावर झाली असती तर शाळेत पाच मार्कांची टीप आली असती.

जळणाचा प्रश्न तसा आमच्या जिल्ह्याला संतकाळापासून चिकटलेला आहे. मुक्ताबाईला मांडे भाजायचे होते. आळंदीच्या विसोबा चाट्यांनी कुंभाराकडून तिला खापर मिळू दिलं नाही. तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी प्रदीप्त केला आणि मुक्ताबाईनं त्यांच्या पाठीवर मांडे भाजले, अशी कथा आहे. 'स्टॉक संपला' हे उत्तर ऐकून परत आलेल्या गृहिणीची मराठीतली बहुधा ही पहिली नोंद. पुढे याच विसोबांना पश्चात्ताप झाला, ते विसोबा खेचर झाले आणि आमच्या औंढा नागनाथाच्या देवळात नामदेवांना गुरू म्हणून भेटले, असं परंपरा सांगते. नामदेव आमच्या नर्सीचे. गोरोबाकाकांनी थापटणं मारून 'हे मडकं कच्चं आहे' म्हटलं ते त्यांनाच. म्हणजे जिल्ह्याचा सगळ्यांत थोर पुत्र कच्चा निघाला, आणि त्याला पक्कं भाजलं कुणी, तर ज्यांनी एकेकाळी दुसऱ्याचं भाजणं अडवलं होतं त्यांनी. जळणाच्या बाबतीत कुणाच्या हाती काय येईल सांगता येत नाही, एवढा धडा आम्ही तेव्हापासून गिरवतो आहोत.

आजीची चूल दोन तोंडांची होती. पुढे चूल, मागे वैल. पुढच्या जाळावर भाकरी आणि उरलेल्या धगीवर, फुकटात, वरण. पुढे दोन बर्नरच्या शेगडीच्या जाहिराती आल्या तेव्हा 'एकाच वेळी दोन पदार्थ!' असं त्यात मोठ्या टायपात छापलेलं असे. वैल म्हणजे दुसरं काय होतं? जळण आमच्याकडे शेतातलं. कपाशीच्या पळाट्या, तुरीच्या तुराट्या, गोवऱ्या. बाभळीचं लाकूड सणावारी. पळाट्या भसकन पेटतात आणि तितक्याच भसकन विझतात, निवडणुकीतल्या कार्यकर्त्यासारख्या. म्हणून जाळाला सारखं सारावं लागे. एक हात भाकरीला, एक जाळाला, एक फुंकणीला आणि एक रांगत येणाऱ्या पोराला मागे ओढायला. देवीला आठ हात देणाऱ्या मूर्तिकारानं आधी एखादं स्वयंपाकघर नीट पाहिलं असलं पाहिजे.

उघड्या चुलीपुढे तासभर बसणं म्हणजे चारशे सिगारेटींचा धूर पोटात घेणं, असं सरकारनं २०१६ साली उज्ज्वला योजना आणताना तज्ज्ञांच्या हवाल्यानं सांगितलं. मी आजीचा हिशेब मांडला. दोन्ही वेळचे मिळून धरा चार तास; म्हणजे दिवसाला सोळाशे. आमचे आजोबा दिवसाला सहा विड्या ओढत, आणि त्यांना खोकला आला की वैद्यबुवांना बोलावणं जाई. आजी सोळाशे सिगारेटी ओढी, आणि तिच्या खोकल्याला घरात 'तिला जरा ठसका लागतो' असं म्हणत. म्हातारपणी तिला दिसेनासं झालं तेव्हा 'वय झालं' म्हणाले. तिच्याहून चार वर्षांनी मोठे आजोबा शेवटपर्यंत चष्म्याशिवाय पंचांग वाचत होते.

मग स्टो आला. १८९२ साली स्टॉकहोमच्या लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थांनी हवा भरायचा, बिनवातीचा प्रायमस काढला. त्याला लागणाऱ्या तेलाला आपण दोन नावं दिली. 'रॉक ऑइल'चं रॉकेल झालं आणि 'गॅसलाइट'चं घासलेट. म्हणजे गॅस मराठीत नावानं आधी आला, वस्तू मागाहून. स्टो पेटवणं हे एक अनुष्ठान असे. स्पिरिटचा काकडा पेटवायचा, तापेपर्यंत थांबायचं, पंप मारायचा, मग पिन घालायची. पिन हरवलेली असे. ती शोधायला सगळं घर लागे. पिन सापडली की वॉशर गेलेला असे. आणि एकदा स्टो पेटला की एवढा आवाज, की घरात कुणी कुणाशी बोलत नसे. त्या काळच्या पुष्कळ सुखी संसारांचं रहस्य मला वाटतं हेच असावं.

पण स्टोबद्दल हसत राहता येत नाही. त्या वर्षांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींची एक बातमी वारंवार असे. 'स्टोचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.' स्टो घरातल्या सगळ्यांचाच. पण बातमीत जळालेली बाई वयानं लहान, नुकतं लग्न झालेली, बहुधा सूनच. आई ती बातमी वाचायची आणि काही न बोलता पेपर घडी करून ठेवायची. १९८३ साली दंडविधानात ४९८-अ हे कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं ३०४-ब आलं. यंत्राला दिसत नाही की समोर सासू आहे की सून. ज्याला दिसत होतं तो आरोपी ओळखायला कायद्याला इतकी वर्षं लागली. आईला ते आधीपासून ठाऊक होतं, असं तिच्या पेपरच्या घडीवरून वाटे.

आता विजेची शेगडी. ही काही वाजतगाजत आली नाही. पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, संध्याकाळी अंधार पडल्यावर आली. कारण आमच्या वाड्यात बिऱ्हाडं सहा आणि मीटर एक. भाड्यात एका दिव्याचे पैसे धरलेले. शेगडी लावायची नाही, असा मालकांचा दंडक. पण १९७३ साली आणि पुन्हा १९७९ साली जगात तेलाचे भाव भडकले आणि त्याची धग आमच्या गल्लीतल्या रेशनच्या रांगेपर्यंत आली. डबे रांगेत, माणसं सावलीत, रॉकेल कुठेच नाही. अरबस्तानातल्या शेखांनी तिकडे नळ आवळला आणि हिंगोलीतल्या बायकांनी इकडे विजेचं बटण दाबलं, असा हा आंतरराष्ट्रीय घटनाक्रम आहे.

शेगडी म्हणजे खापराची गोल ताटली, तिच्यात वळत वळत गेलेली खाच आणि खाचेत वेटोळ्यांची तार. तार निकेल-क्रोमियमची, अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्श यांनी तिचं पेटंट १९०६ साली घेतलं. लालबुंद व्हायचं पण जळून जायचं नाही, हा तिचा गुण. (आमच्या गणिताच्या मास्तरांतही तो होता.) अशी शेगडी असे दोन हजार वॅटची, म्हणजे चाळीसाचे पन्नास दिवे एकदम लावल्यासारखं. साहजिकच आमच्याकडे बटण दाबलं की वाड्यातले सगळे दिवे पिवळे पडत. मालक ओसरीवर पेपर वाचत बसलेले असत. अक्षर दिसेनासं झालं की ते चष्मा काढून मोठ्यानं विचारत, "कोणाचा भात शिजू लागला रे?"

सहाही बिऱ्हाडं गप्प. मग कुठूनतरी 'टक' असा आवाज होई, दिवे पुन्हा उजळत आणि एका घरचा भात कच्चा राही. मालकही धोरणी. ते उठून मीटरपुढे उभे राहत आणि चकतीवरची काळी खूण किती वेळानं फिरून येते ते मोजत. त्या चकतीकडे ते ज्या एकाग्रतेनं पाहत, तितक्या एकाग्रतेनं त्यांनी औंढ्याच्या पिंडीकडे पाहिलं असतं तर त्यांना त्याच जन्मात मुक्ती मिळाली असती.

शेगडीची तार तुटे. वडील पकडीनं दोन टोकं पिळून जोडत. दर जोडणीला तार बोटभर आखूड होई, आणि विजेचा कायदा असा, की तार जितकी आखूड तितका तिचा विरोध कमी, आणि विरोध कमी तितकी वीज जास्त वाहणार. म्हणजे दुरुस्त केलेली शेगडी आधीपेक्षा जास्त तापे आणि आधीपेक्षा लवकर तुटे. विरोध कमी केल्यानं घरात शांतता नांदते, हा समज निदान शेगडीच्या बाबतीत तरी खरा नाही. त्यातून तार उघडी. दूध उतू गेलं की भांड्याला हात लावायची सोय नसे. आई लाकडी पाटावर बसायची; बटण बंद, सांडशीनं पातेलं खाली, बटण चालू. भाताचं पातेलं, वरणाचं पातेलं, चहाचं पातेलं, दर वेळी हाच कवायतीचा क्रम. 'तोफखाना' हे नाव आमच्या गावाला उगीच नव्हतं.

आणि भाकरी! विजेची खरी हार इथे झाली. ज्वारीची भाकरी तव्यावर नुसती भाजून होत नाही. एका बाजूला पाणी फिरवून ती उलटतात, आणि मग तव्यावरून काढून विस्तवाला लावतात. तेव्हा ती टम्म फुगते. उघड्या तारेला भाकरी लावायची म्हणजे विजेला जेवायला बोलावणं. पोळी खाणाऱ्यांचं शेगडीवर भागत असेल. आमच्याकडे भात-वरण विजेवर शिजे आणि भाकरीसाठी मागच्या दाराशी चूल पेटेच. मराठवाड्यात विजेचं राज्य स्वयंपाकघरात का टिकलं नाही, याची कारणं कुणी विजेच्या टंचाईत शोधील, कुणी दरात. मी भाकरीत शोधतो.

वीज टिकली नाही असंही सरसकट म्हणता येत नाही. ती कागदावर नव्हती, एवढंच. तारेवर आकडा टाकून शेगड्या पेटवणारी घरं कुठल्या गावात नव्हती? पण २०११ च्या जनगणनेत स्वयंपाक कशावर करता, असं विचारलं तेव्हा देशातल्या ४९ टक्के घरांनी लाकूडफाटा सांगितला, २८.५ टक्क्यांनी गॅस, आणि विजेवर स्वयंपाक करणारी घरं निघाली अवघी ०.१ टक्का. आकडेवाल्यांनी आकडेवारी घ्यायला आलेल्या माणसाला खरा आकडा सांगितला नसेल, एवढा निष्कर्ष काढायला संख्याशास्त्र लागत नाही.

वीज येतही होती लांबून आणि रुसून. शेजारी पूर्णेवर येलदरीचं धरण, त्याची वीज साडेबावीस मेगावॅट. तिकडे परळीला औष्णिक केंद्र. मराठवाड्याला ज्योतिर्लिंगांचं भाग्य मोठं. त्यांतलं परळीचं ज्योतिर्लिंग तर विजेच्या कारखान्याच्या शेजारी. पण त्या कारखान्याला कोळशाइतकंच पाणी लागतं, आणि मराठवाड्यात पाणी नसलं की तो बंद. २०१३ साली आणि २०१५ साली तो दुष्काळानं बंद पडला. पाऊस नाही म्हणून दिवा नाही. दिवा नाही म्हणून पंप नाही. पंप नाही म्हणून पिकाला पाणी नाही. या चक्रात भाताचं पातेलं कुठे बसवायचं?

तेव्हा सगळ्यांची नजर गॅसकडे लागली. मुंबईच्या रस्त्यावर कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे १८६५ साली लागले होते. स्वयंपाकाचा टाकीतला गॅस बर्मा-शेल कंपनीनं १९५५ साली मुंबईत आणला. त्याचं नाव बर्शेन. इंडेनची पहिली जोडणी २२ ऑक्टोबर १९६५ ला कलकत्त्यात दिली गेली. १९७४ साली एस्सो आणि १९७६ साली बर्मा-शेल सरकारनं ताब्यात घेतली. मालक बदलले, नावं बदलली, टाक्यांचे रंग बदलले. एक गोष्ट बदलली नाही. नंबर लावावा लागे. नंबर लावल्यावर तो लागेपर्यंत माणसाचं एक मूल बालवाडीतून प्राथमिक शाळेत जाई. खासदारांच्या कोट्यात गॅसच्या जोडण्या असत, त्यामुळे लोकप्रतिनिधीच्या दारात जमणाऱ्या मंडळींत देशाच्या प्रश्नांपेक्षा शेगडीच्या प्रश्नावर आलेली माणसं जास्त असत. मुलीच्या स्थळाची चौकशी करताना 'स्वतःचं घर, नोकरी सरकारी आणि गॅस आहे' असं एका दमात सांगितलेलं मी ऐकलं आहे.

आमचा नंबर लागल्याचं कार्ड आलं आणि घरात दोन तट पडले. वडिलांचं म्हणणं, टाकी फुटते. आत्याचं म्हणणं, वास येतो. काकांचं म्हणणं, गॅसवरचं खाल्लं की पोटात गॅस धरतो. हे तिन्ही पुरवठादार मंडळी स्वयंपाकघराबाहेर बसलेली होती. आत बसलेल्या आईचं म्हणणं कुणी विचारलं नाही. तिनं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, चहा न टाकता, कळवलं.

शास्त्र असं आहे, की टाकीतला गॅस दाबाखाली पातळ होऊन बसलेला असतो, १४.२ किलो. त्याला स्वतःचा वास नसतो. गळाला तर कळावा म्हणून मर्कॅप्टन नावाचं कुजकट वासाचं द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात. म्हणजे आत्याची तक्रार ज्या वासाबद्दल होती तो धोका नव्हता, धोक्याची सूचना होती. पुष्कळ नातेवाइकांच्या बाबतीतही असंच असतं.

टाकी हातगाडीवरून आली. मागून गल्लीतली पोरं. दारात आजीनं तिला हळदकुंकू लावलं. हळद काय, आमच्या जिल्ह्याचीच. शेगडी जोडणारा मुलगा सांगत होता आणि वडील दाराच्या बाहेर उभे राहून माना डोलावत होते. आत्यानं पाण्याची बादली भरून ठेवली होती. "आता कोणीतरी पेटवा," मुलगा म्हणाला. सगळे एक पाऊल मागे सरले. आई पुढे झाली, काडी ओढली, चावी फिरवली. निळा जाळ गोल उभा राहिला, आवाज नाही, धूर नाही. आजीला दिसत नव्हतं. ती हात पुढे करून धग घेत होती. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आन् राख कुठं पडते?"

सगळे हसले. पण प्रश्न बिनतोड होता. राखेनं भांडी घासली जात, राख बियाण्याला लावली जाई, परसात भाजीवर टाकली जाई. त्या दिवसापासून राख बंद झाली आणि भांडी घासायची पावडर वाण्याच्या यादीत आली. रेशन कार्डावर 'गॅस' असा शिक्का पडला आणि रॉकेल कमी झालं. प्रत्येक राज्यारोहणाबरोबर काही कर नवे येतात, काही वतनं जप्त होतात.

सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र शिक्क्याची नव्हती, उंचीची होती. नियम असा, की शेगडी टाकीपेक्षा वर हवी. चूल जमिनीवर, स्टो जमिनीवर, विजेची शेगडीही पाटापुढे जमिनीवर. गॅससाठी ओटा बांधावा लागला, आणि आई उभी राहिली. पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाक बसून होत होता. तिच्याशी बोलायचं तर आम्ही दारात उभे राहून खाली बोलत असू. वडिलांची 'चहा टाक' ही आज्ञा आजवर वरून खाली पडत आली होती. ओटा झाल्यावर ती समोरासमोर द्यावी लागू लागली आणि आठ दिवसांत तिला 'जरा' हा शब्द येऊन चिकटला. "जरा चहा टाकतेस का?" ओट्यापुढे खिडकी होती. रस्त्यावरून कोण गेलं, शाळा सुटली का, पाऊस कुठून येतो आहे, हे आईला आमच्याआधी दिसायला लागलं. मराठवाड्यातल्या मध्यमवर्गी बाईला डोळ्यांच्या पातळीवर आणायचं जे काम भल्याभल्यांच्या भाषणांनी झालं नाही, ते एका रबरी नळीच्या नियमानं करून टाकलं.

हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. चुलीच्या काळी दुपारी तीनला चहा मागायची कुणाची छाती नव्हती. जाळ परत घालायचा म्हणजे आजीच्या तोंडाला तोंड. गॅस आला आणि चहा पाच मिनिटांवर आला. वडिलांच्या मित्रांना आमचं घर एकदम आवडू लागलं. दिवसाला दोन चहा होत, ते सात झाले. गॅसनं वाचवलेला वेळ आईला मिळाला असं आपण म्हणतो. तो बशीत ओतून कोण प्यायलं ते मी पाहिलेलं आहे. आणि जोडणीच्या पुस्तकावर नाव वडिलांचं. ज्या माणसानं जन्मात चावी फिरवली नाही तो 'ग्राहक'.

ही चूक सुधारायला २०१६ उजाडावं लागलं. उज्ज्वला योजना सुरू झाली १ मे २०१६ ला. महाराष्ट्राचा आणि हिंगोली जिल्ह्याचाही वाढदिवस तोच. आमच्याकडे जे काही होतं ते १ मेलाच होतं. या योजनेत जोडणी घरातल्या बाईच्या नावावर. आठ कोटींचा टप्पा ७ सप्टेंबर २०१९ ला आमच्या मराठवाड्यातच, तेव्हाच्या औरंगाबादेत, गाठला गेला. गावोगाव तांबड्या टाक्या पोचल्या, हे खरंच. पण पहिली टाकी संपली की दुसरी भरायला शेतमजूर बाईची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते, आणि तुराट्या बांधावर फुकट पडलेल्या असतात. महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालात उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी ३.२१ टाक्या भरल्या गेल्याचं नमूद आहे. म्हणजे वर्षातला बराच काळ चूल पेटलेली, आणि टाकी कोपऱ्यात, विणलेला रुमाल घालून, पाहुण्यांसाठी. सरकार याला योजनेचं अपयश म्हणेल किंवा म्हणणार नाही. त्या बाईच्या डोळ्यांत जाणारा धूर दोन्ही बाबतींत सारखाच.

इकडे हमरस्त्यावर धाब्यांच्या पाट्या लागल्या आहेत. 'चुलीवरची भाकरी', 'चुलीवरचं मटण', दर जास्त. शहरातून गाड्या करून लोक येतात, धुराच्या वासानं डोळे मिटून 'अहाहा' म्हणतात. आत भाकरी थापणाऱ्या बाईंचे डोळे वेगळ्या कारणानं मिटलेले असतात.

आमच्या माळ्यावर या सगळ्या राजवटींचे अवशेष नीट ठेवलेले आहेत. फुंकणी आहे, पितळी स्टो आहे, त्याची पिन (आता सापडली) आहे, तार तुटलेली विजेची शेगडी आहे. भंगारवाला आला की आई त्याला दारातूनच परत पाठवते. स्वयंपाकघर राज्य बदलतं पण आधीच्या राजाला मारत नाही. तो कधी परत बोलवावा लागेल, सांगता येत नाही. परवा मुलानं इंडक्शनची शेगडी आणली. वीज पुन्हा गादीवर; आता काचेच्या अंगानं, बिनतारेची, बिनजाळाची. तिचे वॅट, तिची बचत, तिची सुरक्षितता यांवर त्यानं आईला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लाइट गेल्यावर?"

सुनेनं आता तिला ओट्याशी खुर्ची दिली आहे. ती बसून असते आणि सकाळचा चहा मी टाकतो. काचेवर पातेलं ठेवलेलं, खाली काही पेटलेलं दिसत नाही, नुसता एक आकडा लुकलुकत असतो. दूध वर यायला लागलं की ती पाठीमागून सांगते, "जाळ बारीक कर." मी वजाबाकीचं बटण दाबतो.